हेस्टविकच्या धक्क्यावरचा दोर

आम्ही हेस्टविकला गेलो ते दफनभूमीचं कुंपण रंगवायला. भुतंखेतं बघायला कुणी गेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. कुंपण रंगवायचं, जुन्या वाफ्यातले उरलेसुरले बटाटे काढायचे, दोन रात्री तंबूत काढायच्या आणि सकाळच्या फेरीबोटीने परतायचं, एवढाच बेत. बर्चची पानं पिवळी पडली की आम्ही तिघं दरवर्षी जातो. मी, माझी वहिनी जोरुन आणि चुलतभाऊ टोर्गेर. टोर्गेरने लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल आजवर एकाही बाईने तक्रार केलेली नाही.

हेस्टविकमध्ये आता कुणी राहत नाही. मी नऊ वर्षांची असताना सरकारने आम्हाला सगळ्यांना तिथून उठवलं आणि खाडीच्या तोंडाशी आणून बसवलं. घरं पडली, धक्का तेवढा राहिला. फेरीबोट तिथे आपणहून थांबत नाही. धक्क्यावरच्या खांबाला दिवा आहे. बटण दाबून तो लावला तर बोट आत वळते, नाहीतर सरळ पुढे निघून जाते. आम्ही वर्षातून एकदा तो दिवा लावतो म्हणून वेळापत्रकात हेस्टविकचं नाव टिकून होतं.

या वर्षी फेरीबोटवाल्यांचं पत्र आलं. नोव्हेंबरपासून थांबा बंद. मी तडक फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, बाई, तिथे राहतं कोण? म्हटलं, चौदा कबरी आहेत. तर म्हणतो, मेलेले काही फेरीबोटीने फिरत नाहीत. मी त्याला जे काही ऐकवलं ते इथे सांगत नाही. पण त्याने फोन ठेवला आणि थांबा बंद तो बंदच.

वहिनीने ते पत्र दोनदा वाचलं, आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं.  माझा थोरला भाऊ अर्विद, म्हणजे तिचा नवरा, चाळीस वर्षांपूर्वी हेस्टविकच्या पाण्यात बुडाला. होडीचा मागचा अर्धा भाग लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकला. पुढचा अर्धा मिळाला नाही आणि अर्विदही मिळाला नाही. त्या चौदा कबरींत त्याची कबर नाही. पुरायला काही हाती लागेल तेव्हाच पुरीन, असं वहिनीने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी शेकोटीशी बसलो होतो. कॉफी उकळत होती. टोर्गेर सुका मासा दगडावर ठेचत होता आणि कुंपणाचा रंग पाद्रीबुवांच्या नाकासारखा झालाय म्हणून हसत होता. वहिनीने कप खाली ठेवला.

"ओड्रुन, उद्याच्या बोटीने तुम्ही दोघं जा. मी राहते."

"खुळी झालीस का तू?"

"थांबाच बंद झाला तर तो येईल कुठून?"

टोर्गेरचं हसू तोंडातच राहिलं. मी तिला कडक आवाजात सांगितलं, की तू चाळीस वर्षं वाट पाहिलीस ती पुरे झाली. उद्या बोटीत तू पहिली चढशील, मी तुझ्यामागून. नाही चढलीस तर उचलून नेईन. ती हसली. पाणी उतरायला लागलं की दगड दिसतात ना, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यात दिसलं मला. हिला परत न्यायचं, एवढंच मी मनाशी पक्कं केलं. भाऊ गेला होता. वहिनीला मी जाऊ देणार नव्हते.

सकाळी धुकं होतं. असं, की तंबूतून बाहेर आल्यावर आपलेच बूट दिसू नयेत. सामान धक्क्यावर आणलं. बोटीची वेळ पावणेआठची. टोर्गेरने सात वाजताच दिवा लावून टाकला, धुक्यात कप्तानाला दिसावा म्हणून. पिवळा डाग वर लटकत राहिला. समुद्र अगदी गप्प होता. धक्क्याला लागून पाणी चाटल्यासारखं वाजत होतं, तेवढंच.

सात वीसला इंजिन ऐकू आलं.

मी टोर्गेरकडे पाहिलं. टोर्गेरने माझ्याकडे. फेरीबोट दुरून घोंघावते. हे ठक... ठक... ठक... असं होतं. मध्ये एक ठोका चुकवून पुन्हा ठक. तसली इंजिनं मी मुलगी असताना होती.

"ताई," टोर्गेर हळूच म्हणाला, "हे आपलं जहाज नाही..."

मग वास आला. डांबर, ओली लोकर आणि माशाच्या तेलाचा जुना, कुबट वास. धुक्यातून एका होडीचं नाक पुढे आलं. मेणकापडाचा डगला घातलेला माणूस त्यावर उभा होता. टोपी खाली ओढलेली, चेहरा दिसत नव्हता. होडी आडवी झाली, आणि मला तिचा मागचा भाग दिसला. म्हणजे नाही दिसला. मधल्या फळीपर्यंत होडी होती आणि पुढे नुसतं पाणी. त्या मोकळ्या पाण्यातूनच ठक ठक येत होतं.

टोर्गेर मटकन सामानावर बसला. 

त्या माणसाने दोर फेकला. डाव्या हाताने, अर्विद फेकायचा तसा.

आता हे समजून घे. आमच्याकडे धक्क्यावर उभ्या माणसाने आलेला दोर झेलायचा आणि खुंट्याला अडकवायचा. बोट कुणाची, आपलं तिच्याशी भांडण आहे की काय, हे नंतर. दोर पाण्यात पडू देणाऱ्याला आमच्यात कुणी जेवायलाही बोलावत नाही. चालायला लागायच्या आधी पोरं हे शिकतात. विचार करायला सवडच नसते, हातच पुढे जातात. आणि दिवा तर आम्हीच लावला होता. बोलावलं आम्हीच.

वहिनीने दोर झेलला.

झेलला आणि खुंट्याकडे वळली. त्या क्षणी मला कळलं. बुडालेल्याला आपणहून जमिनीवर येता येत नाही. जित्या माणसाने बांधून घ्यावं लागतं. तिने फास खुंट्यावर टाकला की काम झालं. मग तो उतरेल, नाहीतर तिला चढवेल.

मी तिचं मनगट धरलं. बर्फ होतं.

"सोड, ओड्रुन. दोर त्याचाच आहे."

"असू दे त्याचा."

एकतीस वर्षं मी कारखान्यात मासे कापले आहेत. कमरेला चाकू नसेल तर मला उघडं वाटतं. तो काढला आणि होडीकडे तोंड करून उभी राहिले. 

"दादा," मी म्हटलं, "आई तुझी वाट बघत गेली. बाबा गेले. मी दर वर्षी इथे येऊन रडले. तुझ्यावर माझी माया आहे. पण ही तुला मिळायची नाही. गेलास तिथे सुखी राहा."

तो हलला नाही. टोपीखालून पाणी गळत होतं, थांबतच नव्हतं. मी दोर कापला. ओल्या दोराला वेळ लागतो, पण हा पहिल्याच फटक्यात तुटला, जसा काही वाटच बघत होता. टोक सर्रकन पाण्यात गेलं. अर्धी होडी धुक्यात मागे मागे जात राहिली आणि ठक ठक करत आवाज विरला.

पावणेआठला फेरीबोट आली.  वहिनी पहिली चढली, मी तिच्यामागून. ठरल्याप्रमाणे. तिच्या मुठीत हातभर दोर राहिला होता, तो तिने घरापर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर मी बोटं उलगडून काढून घेतला आणि चुलीत घातला. चरचरत जळाला.

दुसऱ्या सकाळी वहिनीच्या दाराच्या कडीला दोर बांधलेला होता. ओला. अंगणातून, रस्ता ओलांडून, दगडांवरून थेट समुद्रात गेलेला आणि तारेसारखा ताणलेला. मी कापला. टोक सर्रकन पाण्यात गेलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा. टोर्गेर म्हणाला पाद्रीबुवांना बोलावू. म्हटलं, बोलाव, पण त्यांना चाकू चालवता येतो का ते आधी विचार. तेव्हापासून रोज उजाडताना जाते आणि कापते. तो बांधून थकत नाही, मी कापून थकत नाही. घराण्याचाच हट्ट आहे, त्याला काय आणि मला काय.

वहिनी मात्र खुशीत असते. गालांवर रंग आलाय. तळहात तेवढे सोललेले आहेत. बागकाम केलं म्हणते. ऑक्टोबर सरताना कसलं बागकाम?

आज एकविसावा दिवस. आज कडीला दोर नव्हता. तो पायरीवरून दाराखालच्या फटीतून आत गेला होता. मी गुडघ्यांवर बसले आणि पातं टेकवलं, तर दोर हलला. वीतभर सरकला, थांबला, पुन्हा वीतभर. जाळं ओढताना माणूस दम घेतो तसा. मी तीन आठवडे समजत होते की तो तिला ओढतोय. दोर समुद्राकडे जात नव्हता. घरात चालला होता.

"वहिनी," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "ओढ तू. मी कापते. बघू कोण आधी दमतं."

आतून दोर सरकायचा थांबला.

"आता फार नाही राहिला, ओड्रुन," ती म्हणाली.

मी कापला. रोजच्यासारखं टोक पाण्याकडे सर्रकन जाईल म्हणून मी मागे वळून पाहिलं. ते गेलं नाही. अंगणात ढिलं पडून राहिलं. मी दगडांपर्यंत जाऊन उरलेला दोर हातात गोळा केला, आणि तो सहज येत गेला. दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

म्हणून मी दाराला पाठ लावून पायरीवर बसले आहे, चाकू मांडीवर घेऊन. यायचं असेल त्याने माझ्यासमोरून यावं. मात्र मघापासून माझ्या पाठीमागे, दाराखालच्या फटीतून, घरातून बाहेर, पाणी पायरीवर येतंय. खारट आहे. मी चाखून पाहिलं.