दहाव्याला दिलेला शब्द

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी अजिनाथचा चुलतभाऊ. यातलं निम्मं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं त्याने स्वतः मला सांगितलं. आणि अजिनाथ थापा मारणाऱ्यातला नाही.

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या धरणाजवळची.

अजिनाथ तिथे पर्यटकांना दोन खोल्या राहायला देतो आणि जीप चालवतो. त्याची बायको राजेश्वरी पाहुण्यांना चुलीवरचं जेवण करून घालायची. एकदा पुण्याच्या एका जोडप्याने तिला मोबाईलवर अंदमानचा व्हिडिओ दाखवला. पाठीला हवेची टाकी बांधून माणसं समुद्राच्या तळाशी माशांमध्ये फिरत होती. राजेश्वरी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेली. तिने ते मनावरच घेतलं.

"रोज लोकांना राहायला देतो, एकदा आपन कुठंतरी जाऊन राहू," ती म्हणायची. "पन हाटेल नको. गर्दी नको. शांत खोली पाहिजे अन् शेगडी पाहिजे. पीठ मी संगं घेईन."

"तिथं जाऊन भाकरीच थापायच्या तर हितं काय वाईट हाय?" अजिनाथ चिडवायचा.

दिवाळी झाली आणि तिला ताप आला. तो मेंदूपर्यंत गेला. आठवडाभरात राजेश्वरी गेली.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला. सगळे मागे सरून उभे राहिलो.

कावळा शिवेना.

झाडावर कावळे होते... नुसते बसून होते. एकही खाली उतरत नव्हता.

तिची काहीतरी इच्छा राहिली असणार. मग एकेक जण हात जोडून पुढे जायला लागला.

"राजेश्वरी, तुझ्या आईला आमी सांभाळू."

"तुझी म्हैस इकनार न्हाई."

अजिनाथची थोरली बहीण झुंबरबाई पुढे झाली. "बाई, मी तुला लई टाकून बोलले. मनात ठिवू नको."

"आक्का, तू मागं हो. तुला बघून आसलेलं बी उडून जात्याल," कोणीतरी म्हणालं.

ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा अजिनाथ पुढे गेला.

"राजे, तुला समुद्रात नेतो. आपन दोघं जाऊ. दोघं तळाला जाऊ."

शब्द पुरता बाहेर पडला नाही, तोच कावळा पिंडावर होता.

सगळ्यांना हायसं वाटलं. झुंबरबाईला मात्र नाही. परत येताना जीपमध्ये मला हळूच म्हणाली, "येडा हाय. नेतो म्हनायचं. दोघं कशाला म्हनायचं? गेलेल्या मानसाला कुनी दोघं जाऊ म्हनतं व्हय?"

अजिनाथला पोहता येत नाही. धरणाच्या काठाला जन्म गेला, पण गुडघाभर पाण्यापुढे तो कधी गेला नाही. त्याने मनाशी ठरवलं, अंदमानच्या बेटावर एकट्याने जायचं, काठावरून तिच्या नावाने फूल सोडायचं, परत यायचं. एवढ्याने शब्द फिटेल असं त्याला वाटलं.

तिला हवी तशीच खोली तो मोबाईलवर शोधायला लागला. एका ठिकाणी फोन लावला. मोडक्या हिंदीत विचारलं, "एकट्यासाठी खोली पाहिजे. शेगडी आहे का?"

"आहे म्हणून आत्ताच सांगितलं ना मॅडमना," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कोणत्या मॅडमना?"

"तुमच्या मागून विचारतायत त्या."

अजिनाथने मागे वळून पाहिलं.

भरदुपार होती. घरात तो एकटाच होता.

त्याने फोन ठेवला. म्हटलं, लाईन दुसरीकडे लागली असेल.

दुसरी जागा एका म्हाताऱ्या बाईची होती. गावापासून लांब, एकटं घर. बाईने व्हिडिओ कॉल करून खोली दाखवली. खिडकीतून समुद्र दिसत होता. अजिनाथने तिथल्या तिथे ती पक्की केली. एकाच माणसासाठी, असं दोनदा सांगितलं. मग बाईने स्वयंपाकघर दाखवलं. शेगडी, तवा, दोन पातेली.

...थप. थप. थप.

"कोण भाकरी करतंय?" त्याने विचारलं.

"इथे कोणी नाही," बाई म्हणाली. "मला वाटलं, तुमच्याकडे आवाज येतोय."

आवाज त्याच्याच मागच्या खोलीतून येत होता.

राजेश्वरी गेल्यापासून तो बहिणीकडे जेवायचा. ती खोली बंदच होती. त्याने कडी काढली. आवाज थांबला.

चूल थंड. परात कोरडी.

बाजरीच्या पिठाचा डबा गच्च भरलेला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने झाकण काढलं...

डबा रिकामा होता.

तो तसाच अनवाणी झुंबरबाईकडे पळाला. त्याला बघून ती एवढंच म्हणाली, "चल घाटावर. शब्द माघारी घे."

मीही गेलो होतो. पुन्हा पिंड ठेवला. अजिनाथ हात जोडून रडत म्हणाला, "राजे, माझ्याच्यानं व्हनार न्हाई. मला सोड."

आम्ही वाट पाहत राहिलो. झाडावर एकही कावळा नव्हता. घाटावर नव्हता, नदीच्या पलीकडेही नव्हता.

भटजींनी मान हलवली. "कावळ्याने घेतलेला शब्द मला सोडवता येत नाही."

घरी आल्यावर अजिनाथने माझ्यासमोर त्या बाईला फोन लावला. स्पीकर चालू होता. खोली रद्द करा, मी येत नाही, म्हणाला.

"बरं," बाई म्हणाली. "मग मॅडम एकट्याच राहणार का?"

"कोणत्या मॅडम?" अजिनाथने विचारलं.

"त्या काल बोटीने आल्या ना. तुम्ही मागून येताय म्हणाल्या."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. अजिनाथने माझा हात बाजूला सारला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिला फोन द्या."

बाई चालत गेल्याचा आवाज आला. दार उघडलं. मग नुसत्या लाटा...

"खोलीत नाहीत. पाण्यात उतरल्यात," बाई म्हणाली. "सकाळी म्हणाल्या होत्या, तुम्ही आल्याशिवाय वर येणार नाही."

फोन कट झाला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

अजिनाथने विमानाचं तिकीट काढलंय. झुंबरबाईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी जीपची चावी लपवली, तर म्हणाला एसटीने जाईन.

काल मी शेवटचं समजवायला गेलो. म्हणालो, "आरं, ती न्हाई राहिली. तू कुनाला वर काढाया चाललास?"

तो पिशवी भरत होता. भरता भरता थांबला.

"ते कळतंय मला," तो म्हणाला. "पन तिचा दम किती येळ पुरंल, दादा?"

उद्या पहाटे तो निघतोय.