गाव आणि आडनाव

किल्लारीहून लातूरला निघालेल्या जीपमध्ये तो रेणुकाशेजारी अंग चोरून बसला होता. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "नेपाळचा का रे?"

"आसामचा. लातूरला दवाखान्यात हाय."

त्या 'हाय'वर रेणुकाला हसू फुटलं.

"चुकलं का काही?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई... कुणी शिकवलं?"

"तुमच्या किल्लारीच्या धुरपताबाईंनी. लकवा झालाय त्यांना. दर शनिवारी घरी जाऊन मी व्यायाम करून घेतो, त्या शिव्या देतात. मराठी तशीच आली."

त्याचं नाव बिरेन. रेणुका किल्लारीच्या शाळेत शिकवायची. मग दर शनिवारी ती मुद्दाम तीच जीप धरू लागली. धूळ आली की तो न विचारता खिडकीची काच ओढून घ्यायचा – आणि ती बघतेय हे कळलं की कानापर्यंत लाल व्हायचा. लातुरात दोघांची गल्लीही एकच निघाली.

दिवाळीनंतर त्या गल्लीतून दोन मोटरसायकली चोरीला गेल्या. चोर सापडला नाही. गल्लीतल्या पोरांनी मात्र ठरवलं, बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत. सगळ्यांत पुढं होता रेणुकाचाच भाऊ, आनंदराज.

"ओळख ना पाळख, कसं ठिवायचं?" तो म्हणाला.

"पुण्यात माझ्यासाठी खोली बघताना तू संगं होतास, दादा," रेणुका सगळ्यांसमोर बोलली. "आपलं आडनाव ऐकून घरमालकानं दार लावलं. जिन्यात बसून रडलास. आन् आज तूच दार लावायलास?"

"ते येगळं," कुणीतरी पुटपुटलं. आनंदराज घराकडं चालू लागला. ठरलेलं काही बदललं नाही.

खोली सोडावी लागली, तेव्हा बिरेननं नांदेडला नोकरी धरली. तो निघाला त्या सकाळी आनंदराजनंच बहिणीला गाडीवरून स्टँडला सोडलं. "आईला मी सांगतो," एवढंच म्हणाला.

ती सरळ बसमध्ये चढली आणि बिरेनशेजारी बसली.

"तू कुठं?"

"नांदेडला. खोली बघायला. आत्ता तुझ्यापुरती, पण... लग्नानंतर दोघांना पुरेल अशी."

बिरेननं मांडीवरची पिशवी खाली ठेवून तिला नीट जागा करून दिली.

"घरमालक तुझं गाव विचारतील, माझं आडनाव. दोन्ही एकदाच सांगून टाकू."

"भीती वाटत न्हाई?"

"वाटायलीय ना," ती म्हणाली, आणि बस हलायच्या आत तिनं त्याचा हात हातात घेतला.