सम ओळी

“नेमकी क्रियापदाच्या अलीकडेच यांची कात्री कशी चालते कोण जाणे.”

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून ताईची ही कुरकुर मी अकरा वर्षं ऐकली. आमच्या गोपनीय शाखेत सबंध मजकूर कुणालाच मिळत नाही. साहेब कागदाच्या पट्ट्या कापतात. विषम ओळी माझ्या, चार नंबरच्या टेबलावर. सम ओळी ताईच्या, पाच नंबरवर. टाइपरायटरही जुने, खाडखाड करणारे. त्यांना तारा नाहीत, म्हणून सुरक्षित. घरी सांगण्यासारखं दोघींकडेही काही नसायचं. नवरा चिडवायचा, आज कुणाचं अर्धं सरकार पाडलंस?

एका सोमवारी ताई आली नाही. तिचा क्लिअरन्स, म्हणजे शाखेत शिरायचा परवाना, काढून घेतल्याचं दारावरच्या यादीतून कळलं. तिचं नाव नव्हतं. कुठे गेली, का गेली, विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे विचारणं हाच गुन्हा, आणि त्याची नोंद होते. तिची खुर्ची उचलून नेली. टेबल स्क्रूने जमिनीला पक्कं होतं, ते मशीनसकट राहिलं.

शिपाईकाका सम पट्ट्या तिथेच ठेवत राहिले. बंद करायचं तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्या टाइप झालेल्या असायच्या.

मी म्हटलं, साहेब करत असतील. पण पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायची ताईची खोड होती, दहादा ओरडा खाऊनही न गेलेली. इथेही दोन जागा. मग पेपरमिंटचा वास यायला लागला. ती दिवसभर गोळ्या चघळायची. तिसऱ्या आठवड्यात, भर अकरा वाजता, पलीकडे खाडखाड सुरू झाली. मी मान वर केली. तीन नंबरच्या टेबलावरच्या बाईने मान खाली घातली आणि स्वतःची बटणं जोरात बडवायला लागली.

मला बसवेना. पाणी प्यायला उठायचे आणि न पिताच परत यायचे. झोपेतसुद्धा बोटं हलवतेस, नवरा म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता.

आणि आमच्या क्लिअरन्सच्या नूतनीकरणाची तारीख आली.

तपासणी अधिकारी माझ्या टेबलाशीच आले. सभ्य होते. फॉर्मवर एकच ओळ होती: पाच नंबरच्या टेबलावर माझ्या माहितीप्रमाणे कोणीही काम करत नव्हते व करत नाही. खाली सही केली की आणखी तीन वर्षं नोकरी, आणि नोकरीसोबत आमचं सरकारी घर. बाकी सगळ्यांनी केली होती. तीन नंबरच्या सहीची शाई अजून ओली होती.

मी पेन उघडलं.

मुलगी दवाखान्यात होती तेव्हा चार दिवस माझ्या विषम ओळीही ताईनेच केल्या होत्या. गुपचूप. म्हणजे सबंध मजकूर वाचला होता. माझ्यासाठी. त्यानंतरच्याच सोमवारी ती आली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पलीकडे खाडखाड चालू होती.

“सही करा,” अधिकारी म्हणाले.

“ताई कुठे आहे?” मी विचारलं.

खाडखाड थांबली.

अधिकारी रागावले नाहीत. त्यांनी माझ्यासमोरचा कागद उचलून त्याची घडी केली, आणि तीन नंबरकडे वळले.

“चार नंबरला कोण बसतं?”

तीन नंबरने माझ्याकडे पाहिलं. थेट डोळ्यांत.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

शिपाईकाका आले. विषम पट्ट्या माझ्यासमोर ठेवून, माझ्याकडे न बघता, निघून गेले.

पार्टिशनवरून पेपरमिंटची गोळी धरलेली दोन बोटं पुढे आली.

“एवढंच विचारायचं होतं गं कुणीतरी,” ताई म्हणाली. “आता मोठ्याने बोललीस तरी चालेल. आपलं त्यांना ऐकू येत नाही.”