पिठलं शनिवारी बिघडतं

टक्. टक् टक्.

स्टीलच्या वाटीवर चोच आपटली आणि दुपारची शांतता तडकली. स्वप्नाली हातातली मेथी तशीच टाकून उठली. आतल्या खोलीत आण्णा, तिचे सासरे, झोपले होते. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून दुपारच्या झोपेला ते ड्युटीइतकंच मानायचे.

"श्शऽऽ... पिठल्या, गप की रे..."

पिठलं म्हणजे पोपटाचं पिल्लू. परदेशी जातीचं. अंग राखाडी, डोकं पिवळंधमक, गालांवर केशरी टिकल्या. त्या पिवळ्या डोक्यावरूनच सहा वर्षांच्या जिज्ञासाने त्याचं बारसं केलं होतं. पिठल्याने तुरा ताठ केला, मान वाकडी करून स्वप्नालीकडे पाहिलं आणि किंचाळलं – चीऽऽक्!

ओरडल्यावर बी द्यायचं नाही. हा नियम तिला झोपेतसुद्धा म्हणता आला असता. तरी हात डब्याकडे गेलाच. सूर्यफुलाचं एक बी... मग दुसरं. आण्णांची झोपमोड नको म्हणून, तिने स्वतःला सांगितलं. गेले चार शनिवार ती स्वतःला हेच सांगत होती. आण्णा सोमवार ते शुक्रवारही दुपारी झोपतातच, हे मनात आलं की ती घाईघाईने पुन्हा भाजी निवडायला बसायची.

नियम कल्पेशचा होता.

दिवाळीनंतर ती जिज्ञासाला घेऊन तिच्या गॅदरिंगसाठी कापड घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेली होती. पक्ष्यांच्या दुकानासमोर पोरगी थबकली. तिला ओढायला स्वप्नाली वळली, तर काउंटरवरचं एक पिल्लू तिच्या ओढणीला धरून सरसर चढलं ते थेट खांद्यावर!

"हलू नका, ताई," आतून आवाज आला. "घाबरलंय ते."

"मी पण घाबरलेय!"

"मग दोघं जण थांबा जरा. मी कोणालाच ओढत नाय."

आणि खरंच, त्याने ओढलं नाही. पिल्लासमोर एक बोट धरून तो नुसता उभा राहिला. "अरे कल्पेश, कस्टमर देख ना," शेठ दोनदा ओरडला. हा उभाच. पिल्लू मात्र आपल्या मर्जीने, सावकाश, एकेक पाय टाकत त्याच्या बोटावर गेलं. स्वप्नालीच्या खांद्यावर त्याच्या नख्यांची ऊब राहिली. नवऱ्याला, अमितला, जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं जो तो तिला कुठेतरी ढकलत होता. नोकरी धर, माहेरी जा, दुसरं लग्न कर, आता कसलं लग्न... तिच्यासमोर असं नुसतं थांबलं कोणीच नव्हतं.

तेच पिल्लू त्या दिवशी घरी आलं आणि आठ दिवसांत चावायला लागलं. रविवारी दुकान दुपारीच बंद व्हायचं. गावी, चामटोलीला, घरी जाताना कल्पेश बाइक अंबरनाथला, तिच्या घराकडे वळवू लागला, शिकवायला. किंचाळलं की पाठ फिरवायची. गप्प झालं की मनात पाच आकडे मोजून बी द्यायचं. बोट पुढे धरायचं, 'ये' म्हणायचं, आणि थांबायचं. तिसऱ्या रविवारी त्याने 'ताई' म्हणणं सोडलं. त्याऐवजी काय म्हणायचं ते त्यालाही सुचलं नसावं, म्हणून प्रत्येक वाक्य 'ऐका ना'ने सुरू व्हायला लागलं...

"आई गं!"

आण्णांच्या ओरडण्याने ती भानावर आली. उठल्या उठल्या, सवयीने, ते पिठल्याची पाण्याची वाटी भरायला गेले होते. पिठलं किंचाळलं, बी मिळालं नाही, आणि त्याने आण्णांचा अंगठाच धरला.

"रक्त काढलं!" दोन पट्ट्या लावून झाल्यावर आण्णा म्हणाले, "दीड महिना तो पोरगा शिकवतोय ना? उद्या माझ्यासमोर दाखव. तूच दाखव. न ओरडता, न चावता तुझ्या बोटावर आलं तर राहील. नाहीतर पिंजऱ्यासकट परत घेऊन जाऊ दे त्याला."

जिज्ञासा पिंजऱ्याला मिठी मारून बसली. स्वप्नालीने बियांच्या डब्याकडे पाहिलं. हे आपल्याच हाताने झालं. पिठलं नापास झालं तर पोरीचा जीव जाईल आणि कल्पेशचं येणं थांबेल. पास झालं... तर शिकवणी संपली, मग तरी तो कशाला येईल? दोन्हीकडून रविवार हातचा जातच होता.

रविवारी बाइकचा आवाज आला तेव्हा ती चौथ्यांदा ओटा पुसत होती.

"चेहरा का असा?" गॅलरीत हेल्मेट काढत कल्पेशने विचारलं.

"आण्णांना चावलंय. रक्त आलं."

"म्हणजे चोच मजबूत झालीय."

"तुम्हाला थट्टा सुचतेय! आज नाही जमलं तर ते घेऊन जायचंय तुम्हाला. कायमचं."

त्याचं हसू मावळलं. गॅलरीतल्या उन्हात वाळत घातलेला जिज्ञासाचा फ्रॉक दोघांच्या मध्ये हलत होता. तो बाजूला सारत कल्पेश हळूच म्हणाला, "ऐका ना... बुधवारी तर हे एकदम साधू होतं."

"बुधवारी? तुम्हाला काय माहीत?"

त्याने फोन पुढे केला. व्हिडिओत पिठलं जिज्ञासाच्या बोटावर बसलं होतं. ना ओरडा, ना चावा. शाळेतल्या हुशार मुलासारखं.

"तुमच्या फोनवरून पाठवते पोरगी. दर बुधवारी. महिना झाला."

स्वप्नालीचे कान तापले. "महिना? मग... बोलला का नाहीत?"

तो हेल्मेटचा पट्टा लावत राहिला, सोडत राहिला. "काय बोलणार? शिकलं म्हटलं असतं तर... पुढच्या रविवारी काय सांगून आलो असतो?"

ती बघतच राहिली. एवढा पाखरांचा माहीतगार माणूस, आणि नजर कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं! तिच्या ओठांवर आलं – खरं सांगू का, मी पण...

"स्वप्नाली!" आतून आण्णांनी हाक मारली. "चला, होऊन जाऊ दे."

आण्णा पट्ट्यांचा अंगठा वर धरून खुर्चीत बसले होते, परीक्षकासारखे. जिज्ञासाने पिंजऱ्याचं दार उघडलं. स्वप्नालीने बोट पुढे केलं, आणि ते बोट थरथरायला लागलं.

चीऽऽक्! पिठलं मागे सरकलं.

"बघ," आण्णा म्हणाले.

"हात हलला की त्याला वाटतं, फांदी मोडतेय," कल्पेश म्हणाला. मग त्याने आपला तळवा तिच्या मनगटाखाली धरला – वीतभर खाली, न टेकवता. "आधार हवा तर आहे. नको तर नको. मी थांबतो."

चीऽऽक्! चीऽऽक्!

भिंतीवर अमितचा फोटो. समोर त्याचे वडील. तळवा तिथेच होता, वर येत नव्हता, मागेही जात नव्हता. तिने डोळे मिटले... आणि मनगट त्यावर टेकवलं.

थरथर थांबली.

पिठलं अजून दोनदा ओरडलं. तिने बी दिलं नाही, हात काढला नाही. मग ते गप्प झालं. एक... दोन... तीन... चार... तुरा खाली आला. पाच.

"ये," ती म्हणाली.

पिठलं आलं. आधी एक पाय, मग दुसरा. चोचीने तिचं नख उगाच तपासलं आणि गालाच्या टिकल्या फुलवून बसलं.

"जमलंऽऽ!" जिज्ञासा कुजबुजतच ओरडली.

आण्णांनी पक्ष्याकडे पाहिलं. मग पक्ष्याखालच्या बोटाकडे, बोटामागच्या मनगटाकडे आणि त्याच्याखालच्या तळव्याकडे. मनगट अजून तिथेच आहे हे स्वप्नालीला तेव्हा कळलं. काढावं... पण काढलं तर पिठलं उडेल. निदान तसं म्हणता आलं असतं.

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे शिकलं," ते म्हणाले. राग आहे की आणखी काही, आवाजावरून काही कळेना. "मग पुढच्या रविवारी या साहेबांचं इथे काय काम?"

कल्पेशने दुसऱ्या हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"असं काय, आण्णा! काकांना यावंच लागणार," जिज्ञासा म्हणाली. "शनिवारी ते परत बिघडतं ना! ओरडलं की आई त्याला बी देते. मी बघते रोज, बाकीच्या दिवशी नाही देत." ती आईकडे वळली. तिच्या कपाळावर खऱ्याखुऱ्या आठ्या होत्या.

"आई, फक्त शनिवारीच का गं देतेस?"