गाणं तिथंच तुटायचं

"आपोआप बंद पडतोय" ही आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातली रोजची तक्रार. आत धूळ साचलेली असते, नाहीतर पॉवर सप्लाय थकलेला असतो. म्हणून फिटरकाकांचा फोन आला तेव्हा मी ब्रश, पेचकस आणि एक चांगला पॉवर सप्लाय पिशवीत टाकला आणि जेवण आटोपून निवांत निघाले.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच जोडला होता, एकेक भाग हौसेनं आणून. कॅबिनेट उघडलं आणि मी बघतच राहिले. आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या बसवलेल्या, धुळीचा कण नाही.

"माझ्या हातच्या वस्तूत खोट राहिली की मला घास उतरत नाही," ते म्हणाले. "पण ही काही सापडेना बघ."

खोली घराच्या मागच्या अंगाची. एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडणारी, त्यामुळे भर दुपारीही आत राखेसारखा उजेड. टेबलावर एक जुना टेप होता. त्याचा स्वतःचा स्पीकर केव्हाच बंद पडला होता. आवाज वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जायचा आणि तिथूनच ऐकू यायचा.

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात काकांना एक कॅसेट सापडली होती. काकूंच्या आवाजातलं गाणं.

"जिवंतपणी कधी ऐकू दिली नाही. लाजायची," काका म्हणाले. "आता फीत पार विरलीय. वाजवली की भुकटी झडते. एकदा कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली की सुटलो. पण गाणं मध्यावर आलं की हा मान टाकतो."

मी कामाला लागले. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, एकेक करून लावून पाहिल्या. पॉवर सप्लाय बदलला. प्रोसेसरचं तापमान पाहिलं. गार होता बिचारा. कॅसेट न लावता कॉम्प्युटर तासभर सुरळीत चालला.

"डॉक्टर आला की दुखणं पळतं, तसलं आहे हे," काका म्हणाले.

"लावा कॅसेट," मी म्हटलं.

आधी नुसती खरखर आली. मग आवाज. खालच्या पट्टीतला, भाजी निवडताना कुणी स्वतःशीच गुणगुणावं तसा. काका डोळे मिटून बसले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर काकूंनी श्वास घेतला... आणि स्क्रीन काळा झाला. पंख्याची घरघर हळूहळू विरत गेली. काकांनी घाईनं टेप थांबवला.

कॉम्प्युटर आपल्या बंद होण्याची नोंद ठेवतो. वीज गेली तर ती वेगळी दिसते, बिघाड झाला तर वेगळी. मी तो पुन्हा चालू करून नोंद पाहिली. बंद करण्याचं बटण दाबलं गेलं होतं. मागच्या प्रत्येक खेपेलाही तसंच.

"काका, बटण दाबलं जातंय."

"दाबणार कोण? मी तर हात मांडीवर ठेवून बसतो."

बटण आत अडकत असेल तर असं होतं. मी बटणाची वायरच बोर्डावरून उपटली आणि पेचकसाचं टोक दोन पिनांना टेकवून कॉम्प्युटर चालू केला.

"आता बटणावर हत्ती बसला तरी काही व्हायचं नाही," मी म्हणाले. काका हसले.

कॅसेट पुन्हा लावली. मी बटणावरून नजर हलवली नाही. गाणं सुरू झालं, दुसरं कडवं आलं, आणि मला कसलासा वास जाणवला... पावसात भिजून आलेल्या कपड्यांचा. बाहेर ऊन रखरखत होतं. काकूंनी श्वास घेतला. बटण आत गेलं. बोटानं दाबावं तसं, सावकाश. टक्.

स्क्रीन पुन्हा काळा झाला.

"तीच असेल," काका हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट फार दिवसांनी कुणी विचारपूस केल्यासारखं समाधान होतं. "स्वतःचा आवाज ऐकवत नसे तिला."

मी बटणाची वायर पुन्हा बोर्डावर बसवली. एवढंच सुचवलं की कॅसेट माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर उतरवू. ते तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप छातीशी धरून आले. रस्त्यावर वर्दळ होती, शेजारी कुणीतरी शटर वर ढकलत होतं. मी जोडणी केली. काकांसाठी स्टूल ओढलं.

दुसरं कडवं आलं. श्वास आला. यावेळी काही बंद पडलं नाही. काकूच थांबल्या.

"आलात?" त्यांचा आवाज टेपवर हसला. "असे मागे का उभे? बसा ना."

"हा मी," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

टेपवर खुर्चीचे पाय फरशीवर सरकले. कुणीतरी जड अंगानं बसलं. काकूंनी घसा साफ केला आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं, गुणगुणत नाही, मोकळ्या गळ्यानं, समोरच्यासाठी. तिसरं कडवं, चौथं, अगदी शेवटपर्यंत. मग फीत संपली.

काका अजून हसतच होते. मग काहीतरी आठवायला लागावं तसं ते हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरत गेलं.

"काय झालं, काका?"

"मी... नव्हतो गं तिथं." ते शब्द चाचपत बोलत होते. "ऐन पावसाळ्यात मोठं यंत्र बसवायला लांब धाडलं होतं मला. एकटीला करमायचं नाही म्हणून जाताना टेप घेऊन दिला होता. मी परत आलो तेव्हा ही कॅसेट तिनं कुठंतरी ठेवून दिली होती."

"दुसरं कुणी घरातलं..."

"घरात कुणीच नव्हतं."

मी माऊसवर हात ठेवला. "पुन्हा लावू का? नीट ऐकू या."

"नको."

त्यांनी टेपची वायर स्वतःच काढली आणि व्यवस्थित गुंडाळली. उठले, दारापर्यंत गेले आणि तिथं पाठमोरेच थांबले.

"पोरी," ते म्हणाले, "उभ्या संसारात हे गाणं तिनं माझ्यासमोर कधी पुरं म्हटलं नाही."