इव्होनसाठी घेतलेली कुंडी

ओळखपाळख काही नव्हती. तो पायऱ्यांवर पाठमोरा उभा होता, मी मागून आले आणि त्याच्या डोक्यात लसणाचा दांडा हाणला.

आता यात दचकण्यासारखं काय आहे? आमच्या पोर्टोत सांत जुआंवच्या सणाला हेच चालतं. कमरेएवढा उंच दांडा, टोकाला जांभळा गोंडा, आणि रस्त्यात जो भेटेल त्याच्या टाळक्यात एक हलकीशी टपली. समोरचा हसतो, उलट आपल्याला हाणतो, झालं. पोस्टमन असो की पाद्री, कुणाची सुटका नाही. पण ते पोर्टोत, आणि तेही महिनाअखेरीला. हे होतं लिस्बन, आणि सण होता त्यांच्या सांत अंतोनियोचा… हा फरक माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्याच्या हातातली कुंडी सुटली होती. पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि फुटली.

साधी कुंडी असती तर एक वेळ चाललं असतं. ही मांजेरिकूची होती – बारीक पानांची, चेंडूसारखी गोल छाटलेली तुळस, मातीत खोचलेलं कागदी फूल आणि चारोळी छापलेली इवलीशी पताका. या दिवशी लिस्बनमधला मुलगा अशी कुंडी घेऊन निघाला म्हणजे तो आपल्या मनातल्या मुलीच्या दारात चाललाय, हे आंधळ्यालाही कळतं. मलाही कळलं.

तो वळला. उन्हाने रापलेला चेहरा, एक भुवई मधोमध तुटलेली, केसांत जांभळ्या गोंड्याचा चुरा. त्याने आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या दांड्याकडे.

"पोर्टो?" त्याने विचारलं.

"पोर्टो," मी म्हणाले.

"तरीच."

त्या एका 'तरीच'ने माझी सगळी शरम पळाली आणि जीभ ठिकाणावर आली. मी त्याला म्हटलं, पालाखाऊ लोकांना एक टपली सोसत नाही ते नाही, वर तोंड करून बोलतात. लिस्बनवाल्यांना आम्ही पालाखाऊच म्हणतो. ते आम्हाला वजडीवाले म्हणतात. त्यानेही म्हणून घेतलं. अशी आमची फिट्टंफाट झाली आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

मी देल्फिना. पोर्टोत बटणं आणि दोऱ्यांच्या दुकानात काम करते. सव्विशी उलटली तरी लिस्बन पाहिलं नव्हतं, कारण आमच्या घरी लिस्बनला जाणं म्हणजे शत्रूच्या गोटात जाणं. आणलं ते ओतिलिया आत्याने. माझ्या लग्नासाठी आत्याने खरोखरीच देव पाण्यात घातले होते. घरातला सांत अंतोनियो, लग्नं जुळवणारा संत, वर्षभर बादलीत, डोकं खाली, पाय वर. शेवटी तिलाच त्याची दया आली आणि त्याची क्षमा मागायला ती मला घेऊन त्याच्या गावी आली. इथल्या मोठ्या देवळात या दिवशी सामुदायिक लग्नं लागतात. आत्या तिथे पहिल्याच बाकावर रुमाल घेऊन बसली, परक्यांच्या लग्नात रडायला. मला म्हणाली, तू फिर, पण संध्याकाळच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर हजर हो. लिस्बनमध्ये रात्र काढायची नाही म्हणजे नाही.

मग काय, मी मोकळी! सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. ट्राम पाहिली, नदी पाहिली – नदी कसली, समुद्रच तो – आणि अल्फामा मोहल्ल्याच्या गल्ल्यांत शिरले तर डोक्यावर रंगीत कागदांच्या माळा, तारल्या भाजल्याचा धूर, कुठे बाजाची पेटी, कुठे कुणाचं हसणं. आत्याच्या परसातला दांडा हातात होताच. अशा वेळी हात गप्प बसतो का?

त्याचं नाव तेल्मो. मी म्हटलं, कुंडी मी नवी घेऊन देणार. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, राहू दे कसं, कुणाच्या दारात चालला होतास ते सांग. खूप आढेवेढे घेऊन त्याने नाव सांगितलं – इव्होन. एकाच गल्लीत वाढलेले दोघं. लहानपणी मोहल्ल्याच्या मिरवणुकीत जोडीने नाचले होते, तेव्हापासून सगळ्या गल्लीने ठरवून टाकलेलं. त्याने तिला आजवर एका शब्दाने काही विचारलं नव्हतं, पण या वर्षी आईने सांगितलं, कुंडी घे आणि जा. म्हणून निघाला होता.

"आणि मी मध्ये कडमडले," मी म्हणाले. "चल. आज ही कुंडी इव्होनच्या हातात पडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

खाली चौकात एक म्हातारी मांजेरिकू विकत होती. त्याने पाकिटाला हात घातला तर मी दांडा उगारला. कुंडी मीच घेतली, चांगली पारखून, सगळ्यात गोल.

"कुठे राहते तुझी इव्होन?"

"लांब आहे," तो कुंडीकडे पाहत म्हणाला. "अल्फामात सगळंच लांब असतं."

खरंच की काय, असं वाटलं मला. आम्ही पायऱ्या चढलो, पायऱ्या उतरलो, एका कमानीखालून वाकून गेलो, वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढली. एका खिडकीतून कुणीतरी बाई ओरडली, तेल्मो, कुंडी अजून हातातच का रे? त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. मी म्हटलं, लिस्बनच्या बायका भारीच भोचक. तो म्हणाला, प्रत्येक गल्लीत एक असतेच अशी.

चालता चालता तो बोलायला लागला. तो नदीपलीकडे जाणाऱ्या बोटीवर काम करतो, धक्क्याला दोर टाकायचं. तळहात बघितले मी त्याचे, दोराने घासून टणक झालेले. म्हणाला, नदीच्या मधोमध गेलं की शहराचा सगळा गोंगाट थांबतो, फक्त कुत्र्यांचं भुंकणं तेवढं ऐकू येतं.

"मला ऐकायचंय ते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. तो एकदम माझ्याकडे बघायला लागला आणि मी उगाचच माळा बघायला लागले.

पुढे भूक लागली. धुरात उभ्या असलेल्या एका माणसाने पावावर गरम तारली ठेवून दिली. आम्ही भिंतीला टेकून खाल्ली. तारलीचा रस माझ्या मनगटावरून कोपराकडे निघाला. तेल्मोने रुमाल काढला, माझं मनगट धरलं, हळूच पुसलं… आणि सोडायला जरा उशीर केला. मी हात काढून घ्यायला त्याहून उशीर केला.

मग आणखी एक गल्ली, आणखी एक खिडकी, आणखी एक बाई हसली. मग एक छोटासा चौक, तिथे पेटी वाजत होती आणि सगळं गाव नाचत होतं. तेल्मोने कुंडी कट्ट्यावर ठेवली आणि हात पुढे केला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, शपथ! पण पायांनी आधीच ऐकलं होतं. त्याचा हात पाठीवर टेकला. धूर, गर्दी, कुणाचा तरी कोपर, कुणाचं तरी पोर पायात… आणि या सगळ्यात त्याच्या शर्टाला येणारा नदीचा वास. गाणं संपलं तरी आम्ही थोडं नाचतच होतो.

थांबलो तेव्हा कट्ट्यावरची कुंडी दिसली. मी स्वतःलाच बजावलं – देल्फिना, बाई, ही कुंडी दुसरीची आहे. म्हणून मुद्दाम मोठ्या उत्साहाने त्याला शिकवायला लागले. दार उघडलं की आधी हस, मग कुंडी दे, मग चारोळी म्हण, आणि मान खाली घालू नकोस. तो सगळ्याला हो म्हणत होता.

"तुला आवडते ना ती?" मी शेवटी विचारलंच.

"चांगली आहे. सगळे म्हणतात."

"मी सगळ्यांना विचारलं नाही."

तो वाकडं झालेलं कागदी फूल सरळ करत बसला. ते सरळच होतं.

आता लपवून काय उपयोग? मला तो आवडला होता. चांगलाच आवडला होता. सकाळी ज्याचं नावही माहीत नव्हतं त्याच्या तुटक्या भुवईवर माझा जीव जडला होता, आणि मीच त्याला ओढत दुसरीच्या दाराशी नेत होते. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! उन्हं कलली होती. देवळाच्या घंटा झाल्या. गाडीची वेळ जवळ येत होती आणि माझी पावलं लहान लहान होत होती.

"आता तरी आलं का घर?" मी विचारलं.

"आलंच," तो म्हणाला, पण त्याची पावलं माझ्याहून लहान.

एका वळणावर एक जाडजूड बाई पंख्याने वारा घेत गल्लीच्या मधोमध उभी होती. आम्हाला बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"तेल्मो, त्या पोरीला घेरी येईल रे," ती म्हणाली. "दुपारपासून माझ्या दारावरून ही चौथी फेरी."

आवाज ओळखीचा होता. खिडकीतून ओरडणारी हीच. त्यानंतर हसणारीही हीच. ही झुल्मिरा काकू, तेल्मोच्या आईची मैत्रीण, हे मागाहून कळलं. मला आधी वाटलं थट्टा करतेय. मग खाली पाहिलं. पायऱ्यांवर माती सांडलेली होती. कुंडीचे लाल तुकडे कुणीतरी झाडून कडेला सारले होते.

"इव्होनचं घर कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने हनुवटीने दाखवलं. समोरच, त्याच पायऱ्यांच्या वर, निळं दार.

"म्हणजे तेव्हा तू…"

"दार वाजवायला हात उचलणारच होतो."

"आणि तासन्तास मला गोल गोल फिरवलंस? मला वाटलं, मी अख्खं अल्फामा पाहिलं."

"एकच गल्ली पाहिलीस," तो म्हणाला. "पण सगळ्या बाजूंनी."

मला रागवायचं होतं. फार मनापासून रागवायचं होतं. पण तो आता मान खाली न घालता माझ्याकडे बघत होता, जसं मी इव्होनपुढे बघायला शिकवलं होतं तसं.

"कुंडी फुटली ना, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं," तो म्हणाला. "इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं, देल्फिना. मग तू नवी घ्यायला निघालीस. म्हटलं, घर लांब आहे म्हणून सांगावं… थोडंसं लांब. मग तुला तारली आवडली. मग गाणं लागलं. मग मला घर सापडेचना."

झुल्मिरा काकू पंखा हलवायची थांबली. तेल्मोने कुंडी माझ्यापुढे धरली.

"ही मला देऊ नकोस," मी म्हणाले. "दुसरीच्या नावाने घेतलेली आहे. आणि घेतली कुणी? मी. माझीच कुंडी मला देतोस?"

माझ्या बोलण्यात थट्टा होती, पण ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, बरोबर आहे, तुझी गाडी चुकेल. आणि कुंडी पायरीवर ठेवायला वाकला. झालं, मी पाहिलं, आता हा कुंडी ठेवेल, मी दोन शब्द बोलेन, गाडीत बसेन, आणि उद्या पुन्हा बटणं मोजेन. जन्मभर.

मी त्याच्या हातातून कुंडी काढून घेतली. मातीत खोचलेली ती छापील पताका उपटून टाकली. लिस्बनमध्ये कुंडी मुलाने मुलीला द्यायची असते. पोर्टोतही काही वेगळं नाही. मुलीने दिलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. दोन्ही हातांत धरून मी ती त्याच्यापुढे केली आणि चारोळी म्हणायला लागले, तिथल्या तिथे जुळवलेली –

"अंतोनियोच्या गावात आले, चुकले मी वाट,
पालाखाऊ पोराशी पडली माझी गाठ…"

आणि अडले. पुढच्या दोन ओळी काही केल्या येईनात. कानशिलं तापली. वरच्या एका खिडकीत कुणी आलं, बाजूच्या दारात कुणी आलं, सगळी गल्ली ऐकत होती.

"तेल्मो, पुढचं जुळत नाही," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. कुणाच्या दारात जाऊ नकोस."

कुंडी घेतली त्याने, माझ्या बोटांसकट. मांजेरिकू थेट नाकाने हुंगायचा नसतो, कोमेजतो म्हणतात. तळवा फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. त्याने त्या गोल हिरव्या डोक्यावरून आपला टणक तळवा अगदी हळू फिरवला… आणि तो माझ्या चेहऱ्याजवळ आणला. मी डोळे मिटले. तो वास मी कुणाला सांगू शकणार नाही. सांगायचाही नाही मला.

डोळे मिटलेले असतानाच खिशातला फोन वाजायला लागला. आत्या. स्टेशनवरून. गाडी लागली आहे, कुठे मेलीस, दारं बंद होतील, असं एका श्वासात ओरडत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तू हो पुढे."