हवा भरायचं निमित्त

व्हॅनचा आवाजच नव्हता, म्हणून ती पेट्रोल पंपावर शिरल्याचं तिथे पेट्रोल भरणाऱ्या मुलीला कळलं नाही. नळी हातात घेऊन वळली, तर बेकरीची नवीकोरी गाडी थेट पुढ्यात! सवयीने "शून्य बघा" म्हणत ती गाडीभोवती फिरली... आणि थबकली.

"टाकीचं झाकण कुठंय हो?"

ड्रायव्हरने जीभ चावली. "नाहीच आहे. विजेची गाडी आहे... आजच मिळाली. हात आपोआप इकडे वळले बघा."

"मग काय भरू? पाणी?"

"हवा," तो गडबडून म्हणाला. "हवा तर हिलाही लागतेच की!"

तिला हसू आवरेना. त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झालेल्या तिने पाहिल्या, आणि चारही चाकं गुमान तपासली.

त्या दिवसापासून व्हॅनच्या डाव्या मागच्या चाकाची हवा रोज उतरू लागली. दोघं गुडघे टेकून चाकापाशी बसायची. पावाचा गरम वास यायचा, तो काहीतरी बोलायचा, ती मान खाली घालून हसायची. चाक भरायला लागतो त्याच्या चौपट वेळ लागायचा.

केबिनमध्ये तिचे बाबा बसलेले असायचे. त्यांची उभी हयात या पंपावर गेली होती. नळी कशी धरायची, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. "या मुक्या गाड्यांनी आपली चूल विझवली," म्हणायचे, आणि व्हॅन दिसली की पाठ फिरवायचे. त्यात मालकांनी सांगून टाकलं: महिनाअखेर पंप बंद. टाक्या उपसणार, छपरावर सोलर, खाली चार्जर. ज्याची गाडी त्याने वायर लावायची, माणसं नकोत.

घर कसं चालायचं, हा घोर होताच. पण त्याहून एक लाजिरवाणा घोर तिला लागला होता. पंपच गेला तर हवा कुठे भरायची? नुसतं भेटावं, असं तो कधी म्हणाला नव्हता. आणि म्हणाला असता तरी बाबांच्या डोळ्यांदेखत त्या गाडीत पाय कसा ठेवायचा? त्यांच्या दुःखावर आपलं सुख उभं करायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

शेवटच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. यंत्रांना प्लास्टिक गुंडाळून झालं होतं. व्हॅन आली. ती सवयीने डाव्या चाकाशी वाकली. चाक टणक होतं.

"आज हवा आहे," ती वर न बघता म्हणाली.

"हो. रोज कोपऱ्यावर थांबून सोडायचो... आज नाही सोडली." त्याने तळहात पँटला पुसले. "आज खोटं बोलायचं नव्हतं. मी तुम्हाला बघायला यायचो. उद्यापासून कुठं येऊ, तेवढं सांगा."

"माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. रोज एकाच चाकाचं टोपण ढिलं कसं असेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हवा सोडायचं थांबला असतात ना... पण बाबा—"

ती वळली. केबिनला कुलूप लावून बाबा मागेच उभे होते. त्यांनी व्हॅनकडे बराच वेळ पाहिलं.

"घरापर्यंत सोडाल?" त्यांनी विचारलं.

बाबा पुढे बसले, ती मागे रिकाम्या ट्रेंच्या गर्दीत.

"सुरू करा की," बाबा म्हणाले.

"चाललीय, काका."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. पंप खरंच मागे पडत होता. त्यांचे डोळे भरून आले. तिने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दारात उतरल्यावर बाबांनी डावं मागचं चाक चपलेच्या टोकाने दाबलं. "हे कमी वाटतंय."

"नाही काका, पूर्ण भरलंय..."

"कमी आहे!" बाबा ठासून म्हणाले. "माझ्याकडे पायपंप आहे. उद्या ये. भरून देऊ."

आणि ते आत गेले. आत्तापर्यंत गाडीत ते त्याच्याशी 'अहो-जाहो'च बोलत होते, आता थेट 'ये' म्हणाले होते. तो बावळट मात्र वाकून चाक दाबून बघू लागला, तेव्हा तिनेच त्याला कोपराने ढोसलं.

"ये म्हणतायत ना बाबा... मग या की!"